चहा झाला की निघता, मग सभेत बोलणार कोण?

सलाम. या खेपेला एकच पत्र घेतेय. चार पानी आहे, त्यात चार काळज्या आहेत, आणि पहिलीनेच माझी दोन दिवसांची झोप घालवली. पत्र इंग्लंडच्या मिडलंड्समधून आलंय. लिहिणारी मूळची नगरची (अहिल्यानगर झालं, मान्य, आमच्या तोंडात नगरच बसलंय), वय बेचाळीस, पदरी दोन मुलं. नाव-गाव गाळलं आहे. माझी धाकटी तिच्याच वयाची, त्यामुळे अगं-तुगं करणार आहे. राग मानू नये.

ती लिहिते: "मावशी, आमची मराठी फेलोशिप, म्हणजे एकत्र उपासना करणारी ख्रिस्ती मंडळी, सतरा कुटुंबांची. मेथडिस्ट चर्चचा हॉल भाड्याने घेतो, रविवारी दुपारी तीनला उपासना. दोन वर्षांपूर्वी नवे पाळक (धर्मगुरू) आले. ते म्हणतात, पेटी-टाळांवरची भजनं म्हणजे जुन्या मनुष्याची, ख्रिस्ती होण्याआधीची, वस्त्रं, ती उतरवून टाका. आता सगळं कीबोर्डवर आणि निम्मं हिंदी-इंग्रजीत. तेवढं मी गिळलं. पण मागच्या महिन्यात ते उपदेशात म्हणाले, ज्या घरातून आजार हटत नाही त्या घराने आपला विश्वास तपासावा. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. ती नगरहून झूमवर ऐकत होती. तिने कॅमेरा बंद केला. नवरा म्हणतो, सोड ती फेलोशिप, जवळच्या गोऱ्यांच्या चर्चला जाऊ, तासाभरात मोकळे. मला रविवारी दोन वाजल्यापासून पोटात कळ येते. पण मुलांना प्रभूची प्रार्थना मराठीत पाठ झाली ती तिथेच. सांगा, राहू की सोडू?"

बाई गं, आधी आई. आजच फोन कर आणि सांग की ते वाक्य आपल्या शास्त्रात बसत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. आईला तो अध्याय तुझ्याहून जास्त पाठ असेल, तरी तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि हळूच विचार, गोळ्या चालू आहेत ना? असले उपदेश ऐकून म्हातारी माणसं कुणाला न सांगता औषध बंद करतात. पार्किन्सन्सच्या गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं. तू लिहितेस, "आई म्हणाली जाऊ दे." आपल्या आया जाऊ दे म्हणतात तेव्हा काहीही गेलेलं नसतं, हे बेचाळिसाव्या वर्षी मी तुला सांगायला हवं का?

आता राहू की सोडू. माझं उत्तर, इतक्यात सोडू नकोस. पण आधी मला सांग, तुमच्या फेलोशिपची वार्षिक सभा कधी असते? तुझ्या चार पानांत सभा एकदाच आली आहे, तीही अशी: "वर्षातून एकदा हिशेबाची मीटिंग असते, पण आम्ही चहा झाला की निघतो, मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा असते." इथे मी चष्मा काढून ठेवला.

मला ओळखणारे आता हसतील, म्हणतील, आली म्हातारीची सभा. येऊ दे. तू नगरची आहेस म्हणून तुला हे जास्तच लागू आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. ते बहुतेक काँग्रिगेशनल पंथाचे. त्या पंथाची रीत अशी की वर बिशप नाही. पाळक कुणाला बोलवायचं, मंडळीचा पैसा कुठे लावायचा, ते सभासदांनी सभेत बसून ठरवायचं. माझ्या पणजोबांना गावच्या चावडीवर चार लोकांत बसायची सोय नव्हती. मंडळीच्या सभेत मात्र त्यांचा हात मोजला जायचा. आमच्या घरात ख्रिस्ती होण्याची गोष्ट सांगतात ती बाप्तिस्म्यापाशी संपत नाही, त्या हातापर्यंत येते. आणि त्यांची पणती-खापरपणती परदेशात येऊन काय करते, तर सभेच्या वेळी डबे गोळा करून गाडीत बसते.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आमच्या घरात त्यावरून महिनाभर धुसफूस. आजोबा म्हणायचे, "आता उतारवयात बिशपाच्या हाताखाली जायचं काय?" त्यांनी सभेत उभं राहून विरोध केला. कुणी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी आपल्या नेहमीच्या बाकावर, खांबाच्या उजवीकडे, जाऊन बसले.

वडिलांचं तर एका पाळकाशी अकरा वर्षं पटलं नाही. कुठल्या मंडळीत ते सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. भांडण होतं मंडळीच्या गाळ्यांच्या भाड्यावरून. दर वार्षिक सभेला वडील उठून तोच प्रश्न विचारायचे आणि पाळकसाहेब पाण्याचा ग्लास उचलायचे. नाताळात आई मात्र करंज्या-अनारशांचं ताट पाळकीणबाईंकडे धाडायची, आणि ते ताट कधी रिकामं परत आलं नाही. शेवटी पाळकसाहेबांची बदली झाली. नवे आले ते त्यांच्याहून वाईट निघाले. वडील सभेला जात राहिले.

आता माझंही ऐक, म्हणजे तुला वाटायला नको की मावशी सोवळ्यात बसून बोलतेय. १९९४ मध्ये इथल्याच, म्हणजे ब्रिटनमधल्या, एका गावात मी चर्च सोडलं. पाळकाचं एक वाक्य मला लागलं होतं. वाक्य खरोखरच वाईट होतं, आजही म्हणेन. पण मी त्यांच्याकडे गेले नाही. फोनवरून तीन घरं फितवली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत उपासना सुरू केली. पहिले सहा महिने काय वर्णावे! सगळ्यांचे डोळे पाणावायचे. मग प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) कोणी द्यायचं यावरून कुरबूर, उपदेश लांबतो म्हणून कुरबूर, आणि दोन वर्षांनी भाड्याच्या हॉलची किल्ली कुणाच्या घरी राहावी यावरून आम्ही फुटलो. किल्लीवरून! चार घरांच्या चार दिशा झाल्या. माझा मुलगा तेव्हा पंधराचा. आज तो कुठल्याच चर्चला जात नाही. मागच्या नाताळात भांडी पुसता पुसता सहज म्हणाला, "तुम्हीच दाखवलंत ना आई, पटलं नाही की उठायचं." चिडून म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.

म्हणून तुला विचारते, तू पाळकांशी बोललीस का? पत्रात नवऱ्याशी बोललीस, नणंदेशी बोललीस, माझ्याशी चार पानं बोललीस. व्हॉट्सअॅपच्या "फक्त बायका" गटात काय काय झालं तेही लिहिलंस. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी त्याला एकट्याला गाठून सांग, नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आपण हा क्रम उलटा चालवतो. आधी मंडळीला, मग दोघातिघांना, आणि त्या माणसाला कधीच नाही.

तेव्हा या आठवड्यात जा. रविवारी नको, उपदेश करून उतरलेल्या माणसाचा घसा कोरडा असतो आणि कान बंद असतात. तूच लिहितेस की ते आठवडाभर गोदामात रात्रपाळी करतात आणि फेलोशिपकडून पेट्रोलपुरतेच पैसे घेतात. म्हणजे चार तास झोपून उठून तो माणूस तुमच्यापुढे उभा राहतो. याने त्यांचं वाक्य बरोबर ठरत नाही, पण तू दार कसं वाजवावंस ते ठरतं. काहीतरी घरचं करून ने. भजनांचा विषय त्या दिवशी काढूच नकोस, दोन तक्रारी एका ताटात वाढल्या की माणूस सोपी तेवढी खातो. एवढंच म्हण: "पाळकसाहेब, माझी आई आजारी आहे आणि तुमचं त्या दिवशीचं बोलणं तिने ऐकलं. तुम्ही तिला फोन करावा अशी माझी इच्छा आहे." आणि गप्प बस. गप्प बसणं हे तुझ्या पत्रावरून तुला जड जाईलसं दिसतं. तरी बस.

फोन केला तर निम्मं काम झालं. नाही केला तर विचाराने पोक्त अशी एकदोन माणसं घेऊन पुन्हा जा. तिसरी पायरी सभा, आणि तिची तयारी आत्तापासूनच लागते.

ज्यांचा हॉल तुम्ही भाड्याने घेता त्या मेथडिस्टांचे पाळक सुरुवातीला साधारण पाच वर्षांसाठी नेमलेले असतात. तिथे माणूस नाही पटला तर निदान बदलीची वाट बघता येते. तुमची फेलोशिप स्वतंत्र. वर बिशप नाही, सर्किट (मेथडिस्ट चर्चांचा स्थानिक गट) नाही, बदली करणारं कुणी नाही. तुमच्याकडे सगळं ट्रस्टींच्या हातात. कोण आहेत ते? तुला माहीत नाही, मी पैज लावते. पुष्कळ छोट्या फेलोशिपांत पाळक, पाळकीणबाई आणि कुणाचा तरी मेहुणा असं पंचमंडळ असतं. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला ५,००० पाउंडांच्या वर उत्पन्न असलेल्या अशा स्वतंत्र संस्थेला चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. ट्रस्टींची नावं कमिशनच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतात. ताजे हिशेब लेखी मागितले तर दोन महिन्यांत द्यावे लागतात, फार तर प्रतीचा खर्च घेतील. तुम्ही गिफ्ट एडच्या कागदावर सह्या केल्या असतील, म्हणजे तुमच्या प्रत्येक पाउंडामागे सरकार २५ पेन्स घालतं. सरकारचे पैसे घेताना संस्था, आणि प्रश्न विचारला की "घरचीच माणसं आहोत"? असं चालत नाही.

आणि संस्थेची घटना मागून घे. दहा-बारा पानांची असते, कंटाळवाणी असते, वाच. काही संस्थांत सभासदांना मत असतं, काहींत ट्रस्टी हेच सभासद, बाकी सगळे नुसते येणारे-जाणारे. तुमची दुसऱ्या प्रकारची निघाली तर सभेत हात वर करून काही होणार नाही. मग मागणी वेगळी: दोन ट्रस्टी बाहेरच्या घरांतले घ्या, त्यातली एक बाई असू दे. ती बाई तू हो. नाही, हसू नकोस. ज्या हाताने चार पानं लिहिलीस त्याने वर्षातून चार बैठकांचं इतिवृत्त लिहायला काय हरकत आहे?

"पण मावशी, पाळकाविरुद्ध बोलणं म्हणजे अभिषिक्ताला हात लावणं, असं सगळे म्हणतात." हेही तुझंच वाक्य. अगं, पौलाने येशूच्या थोरल्या शिष्याला, पेत्राला, अंत्युखियात सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात त्याने ते स्वतःच लिहून ठेवलंय. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहूदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा आणि याकोबाकडची माणसं आल्यावर मागे सरला, एवढ्यावरून. तुमचे पाळक पेत्राहून मोठे नसावेत. आणि त्या भांडणापायी पौलाने शेजारच्या गल्लीत नवी मंडळी काढल्याचं काही लिहिलेलं नाही. हो, बर्णबा या सोबत्याशी त्याचं फाटलं आणि दोघे दोन वाटांनी गेले, ते मी लपवत नाही. पण ज्या मार्कावरून फाटलं त्याच मार्काला पुढे पौलाने बोलावून घेतलं.

तू इंग्लंडात आहेस म्हणून पंडिता रमाबाईंचंही सांगते. त्यांचा बाप्तिस्मा तुमच्याच या देशात, वाँटेजला, १८८३ मध्ये झाला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरांनी त्यांना घरात घेतलं, त्यांच्याशीच पुढे त्यांचे खटके उडाले. पुरुषांना शिकवावं की नाही, काय मानावं, कुणाचं ऐकावं, या सगळ्यावर. १८८५ मध्ये त्यांनी कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालायची माझी तयारी नाही. तू म्हणशील, त्यांनी तर शेवटी आपलीच वाट काढली. काढली ना! पण आधी पत्रं लिहिली, मुद्दा धरून, सही करून, ज्यांच्याशी वाद होता त्यांनाच. कॅमेरा बंद करून गेल्या नाहीत. (आईला बोलत नाही हं. आईने बंद केला ते बरोबर केलं.)

कधी सोडायचं तेही सांगते, कारण काही बाया माझं ऐकून नको तिथे बसून राहतात. पाळक कुणाला औषध बंद करायला सांगत असेल, मुलांना एकट्याने खोलीत बोलावत असेल आणि त्याबद्दल विचारलेलं खपवून घेत नसेल, हिशेब मागितल्यावर शाप देत असेल, तर सभाबिभा काही नाही. कोट उचल आणि बाहेर पड. मुलांचा प्रश्न असेल तर बाहेर पडून गप्पही बसू नकोस. इथल्या कौन्सिलला किंवा पोलिसांना कळव. मंडळीची अब्रू वगैरे मागाहून. तुमचे पाळक अजून तिथवर गेलेले दिसत नाहीत. एक चुकीचं, क्रूर वाक्य बोलले आहेत. पण "गोळ्या टाकून द्या" असं ज्या दिवशी म्हणतील, त्या दिवशी हा सगळा लेख विसर.

नवऱ्याला सांग, गोऱ्यांचं चर्च वाईट नाही. त्याच हॉलमध्ये सकाळी त्यांची उपासना होत असेल, तिलाही जाऊन बसा, घरमालकाची ओळख तरी होईल. फक्त तासाभरात मोकळं होण्यासाठी जाऊ नका. तिथेही पाळक आहे, त्याचीही वाक्यं आहेत, आणि इंग्रजीत लागलेलं कळायला आपल्याला चार दिवस जास्त लागतात एवढंच.

भजनांचं राहिलं. यावर मला दहा पानं लिहिता येतील, पण संपादक कात्री घेऊन बसलेत. जुन्या मनुष्याची वस्त्रं म्हणे! नगरच्या ख्रिस्ती लोकांत कीर्तन रुजवलं कृष्णराव सांगळ्यांनी, कवी ना. वा. टिळकांच्याही आधी. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा; त्यानंतर त्या माणसाने मराठी मंडळीच्या तोंडात अभंग-ओवी घातली, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. मिशनशी मतभेद असूनही मिशनच्याच ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडेच होतं, त्यात ते शेवटपर्यंत लिहीत राहिले. म्हणजे पगार सोडला, मंडळी नाही. घे, इथेही माझाच मुद्दा निघाला. तर सभेत ठराव एवढाच मांड: महिन्यातून एक रविवार 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली गाणी, पेटीवर. सतरा घरांत पेटी वाजवणारं कुणी नसेल तर मग दोष पाळकांचा नाही.

उरलेल्या तीन काळज्या.

मुलगा मराठीत उत्तर देत नाही: देईल किंवा नाही देणार. गाऊ दे. माझी नात बोलत नाही, पण "तुझा मी" ऐवजी "तुजा मी" म्हणत का होईना, गाते.

दीर नगरचा प्लॉट परस्पर विकतोय: वकील गाठ, सातबारा ऑनलाइन काढ. मी पाळकांवर बोलते, जमिनीवर नाही.

सासूबाई: भेटीच्या व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. कायमचं आणणं इथे फार अवघड, त्यासाठी व्हिसाच्या वकिलालाच भेट. त्या असताना वार्षिक सभा येत असेल तर त्यांनाही ने. मत नसलं तरी मागच्या बाकावर बसून घसा खाकरता येतो. येताना उपासना संगीताच्या चार प्रती आणायला सांग, आणि जमलं तर पेटी. ती सामानात टाकण्याआधी विमान कंपनीला विचारून, चांगली गोधडीत गुंडाळून घ्या. मी नुसत्या साडीत गुंडाळून आणली होती, तिचे दोन सूर अजून मुके आहेत.